आखाजी ते कानबाई: आठवड्याने येणाऱ्या नळाचं पाणी सांभाळायचं कसं

नळाला गढूळ किंवा वासाचं पाणी आलं की आपण खानदेशातले लोक पहिलं बोट दाखवतो धरणाकडे, नाहीतर फिल्टर प्लांटकडे. जळगावात वाघूरकडे, धुळ्यात तापी योजनेकडे नाहीतर नकाण्याकडे, नंदुरबारात विरचककडे. पुराच्या आठ-पंधरा दिवसांत ते खरंही असतं. पण एरवी प्लांटमधून निघताना पाणी बहुधा ठीक असतं आणि बिघडतं ते वाटेतल्या पाइपात. त्यातही पाणी वाहत असताना नाही, पाइप रिकामा पडलेला असताना.

आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसाआड, चार दिवसांनी, कडक उन्हाळ्यात कुठे आठ-दहा दिवसांनीही येतं. पाणी सुटतं तेव्हा पाइपात दाब असतो आणि फुटक्या जोडातून पाणी बाहेर उडतं. व्हॉल्व्हमनने चावी फिरवली की उताराकडचं पाणी पुढे पळतं, चढावरच्या पाइपात पोकळी होते आणि तोच जोड आता बाहेरचं आत ओढायला लागतो. त्याच्या शेजारी गटार असलं तर गटाराचं पाणी आत जातं. ते आठवडाभर पाइपात बसतं आणि पुढच्या खेपेला पहिल्या हंड्यात येतं.

यात भर आपल्या काळ्या मातीची. एप्रिल-मेमध्ये ही माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस झाला की तीच माती पाणी पिऊन फुगते. या ओढाताणीत जुन्या पाइपांचे जोड सरकतात. म्हणजे जोड सैल व्हायला आणि गटारं तुंबून भरायला एकच मुहूर्त लागतो. म्हणून घरची आणि गल्लीची सगळी तयारी आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) मृगापर्यंत उरकायची. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना टाकी धुवायला कुणाला वेळ नसतो.

दोन बाटल्या

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोष कुठे आहे ते कळलं पाहिजे. त्याला दोन स्वच्छ, पारदर्शक बाटल्या पुरतात. नळ आल्याबरोबर पहिल्या मिनिटाला एक भरा, दहा मिनिटांनी दुसरी. दोन्ही उजेडात शेजारी ठेवा, झाकण उघडून वास घ्या. शेजारच्या दोन-तीन घरांनाही तेच करायला सांगा, कारण एकट्या घराच्या बाटलीवरून निम्मंच कळतं.

पहिली खराब, दुसरी स्वच्छ आणि हे फक्त तुमच्या घरात: दोष तुमच्या जोडणीत, म्हणजे मेन लाइनपासून घरापर्यंतच्या अर्ध्या इंची पाइपात. सगळ्या गल्लीत पहिली खराब, दुसरी स्वच्छ: गल्लीच्या लाइनला कुठेतरी गळती आहे आणि बहुधा ती गटाराजवळ आहे. शेवटपर्यंत खराब आणि दुसऱ्या वॉर्डातही तसंच: दोष मोठ्या लाइनमध्ये किंवा प्लांटवर, तिथे तुमच्या प्लंबरचं काम नाही.

रंगावरूनही बरंच समजतं. पाणी दुधासारखं पांढरं दिसतं पण ग्लासात तळाकडून वर निवळत जातं, तर ती नुसती हवा आहे, बिनघोर प्या. तांबूस, गंजाचा रंग म्हणजे जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. कपड्यांना डाग पडतात, पण नुसत्या गंजाने जुलाब होत नाहीत. हिरवट झाक असेल तर शेवाळ, तेही बहुधा तुमच्याच टाकीतलं. काळे रबरी कण म्हणजे नळाचा वायसर झिजला. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे पण गटाराचा वास येतो, हा प्रकार सगळ्यात वाईट. गढूळ पाण्याला माणूस घाबरतो आणि गाळून-उकळून घेतो. स्वच्छ दिसणारं तसंच पितो.

ब्लीचिंगचा वास येतो म्हणून तक्रार करणारे पुष्कळ असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलेलं असायला हवं. तेव्हा हलका वास ही चांगली खूण समजा. रोज येणारा वास एखाद्या दिवशी एकाएकी नाहीसा झाला, तर चौकशी त्या दिवशी करा.

तुमच्या जोडणीतले तीन दुबळे सांधे

मेन लाइनवर सॅडल (पाइपाभोवतीची पकड), त्यावर फेरूल (घराची जोडणी जिथून निघते ती तोटी), तिथून निघालेला १५ मिमीचा पाइप, दाराशी एक व्हॉल्व्ह. एवढ्या लांबीत गळती साधारण तीन जागी सापडते: फेरूलच्या आट्यांत, पाइप गटार ओलांडतो तिथे, आणि ओट्यापाशी वर वळणाऱ्या एल्बोत.

शोधायची वेळ म्हणजे नळ आलेला असताना. घरातले सगळे नळ बंद करा. मीटर असेल तर काटा फिरतो का पाहा. नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला टेकवून मूठ कानाशी धरा. गळती असली तर सूं असा बारीक आवाज येत राहतो. मे महिन्यात कोरड्या गटारात एखाद्या जागी स्वच्छ पाण्याची धार दिसली तर शोध संपलाच म्हणायचा.

गळतीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळणं हा आपल्याकडचा सर्रास इलाज. त्याने बाहेर येणारी धार थांबते खरी. पण ते रबर आपल्या उन्हात एका मोसमात कडक होतं, सैल पडतं, आणि पाइपात ओढ बसली की गटाराचं पाणी आत जायला तेवढी फट पुरते. वरून कोरडी दिसणारी गळती आतून चालू राहते. एमसीलचंही तसंच, ओल्या आणि गंजलेल्या पाइपाला ते धरत नाही. तो तुकडा कापून बदलणं हाच उपाय.

बदलताना गटारातून जाणारा पाइप गटाराच्या वरून घ्या. वरून घेणं जमतच नसेल तर गटाराच्या रुंदीत एकही जोड येऊ देऊ नका आणि त्या भागावर ४० किंवा ५० मिमीचा केसिंग पाइप चढवा, दोन्ही बाजूंना गटारापासून किमान एक-एक फूट पुढे जाईल असा. जुना जीआय काढायचाच असेल तर निळा एमडीपीई (लवचिक प्लास्टिकचा) पाइप घ्या. तो गुंडाळीत अखंड मिळतो, त्यामुळे फेरूलपासून दारापर्यंत जोड लागत नाही. पांढरा पीव्हीसी उघड्यावर ठेवू नका. उन्हाने तो ठिसूळ होतो आणि सायकल टेकली तरी तडकतो. पाइप दीड-दोन फूट खोल गाडा आणि खड्डा भरताना भोवती चार बोटं वाळू टाका, म्हणजे काळ्या मातीची ओढ थेट पाइपावर येत नाही. फेरूलचं काम पालिकेच्या किंवा परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. मेन लाइन स्वतः उकरू नका, एका घरापायी अख्ख्या गल्लीचं पाणी जातं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या खेपेला सुरुवातीच्या दोन-तीन बादल्या पिण्याला न घेता धुण्या-पुसण्याला वापरा.

मोटार आणि बुडालेली नळी

नळाला थेट टिल्लू पंप लावला की शेजाऱ्याचं पाणी पळतं, यावरून भांडणं होतात. खरी हानी निराळीच आहे. मोटार पाइपात जोराची ओढ निर्माण करते, आणि पाणी चालू असतानाही फुटक्या जोडातून गटार आत खेचलं जातं. म्हणजे मोटार लावणारा स्वतःच्याच टाकीत गटार भरून घेतो. दाब कमी असेल तर नळाचं पाणी आपल्या दाबाने जमिनीवरच्या हौदात पडू द्या आणि मोटार हौदातून धाब्यावरच्या (गच्चीवरच्या) टाकीला लावा. नळाला थेट मोटार लावायला मनाई आहे आणि सापडली तर जप्तही होते, ते वेगळंच.

मोटारीचा दुसरा धोका विजेचा. ओला ओटा, उघडी वायर, अनवाणी माणूस, घाईची वेळ हे सगळं पाणी भरतानाच एकत्र येतं. पाण्याच्या मोटारीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि मोटार हलवण्याआधी नुसतं बटण बंद करून भागवू नका, पिन काढा.

आता नळीबद्दल. ड्रममध्ये नळीचं टोक तळापर्यंत सोडून देण्याची सवय घराघरात आहे. पाणी बंद होताच पाइपात जी पोकळी होते ती या नळीतून ड्रममधलं पाणी उलट ओढून घेते. धुण्याचा साबण असो, गुरांच्या टाक्यातली शेवाळ असो, ते लाइनमध्ये जातं आणि उतारावरच्या घरी पोचतं. नळीचं टोक पाण्याच्या वरच्या पातळीपेक्षा चार बोटं उंच बांधा. हौदातला फ्लोट व्हॉल्व्हही ओव्हरफ्लोच्या वर असू द्या. आणि पाणी गेलं की नळ बंद करा, 'सुटलं की कळेल' म्हणून उघडा ठेवू नका. उघडा नळ म्हणजे पाइपात हवा, धूळ आणि झुरळं जायला वाट.

टाकी धुणं, तेही कमी पाण्यात

उन्हाळ्यात टाकी धुवायला पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, टाकी आपोआप तळाला गेलेली असताना धुवायची. ५०० लिटरच्या टाकीला नीट बेतलं तर ३० लिटरमध्ये काम होतं. सकाळी नवाच्या आत उरका. ४५ अंशांच्या उन्हात दुपारी धाब्यावर चढायचं नाही.

सगळ्यात आधी टाकीतून घरात जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. हे राहिलं तर गाळ थेट स्वयंपाकघराच्या नळात उतरतो आणि फिल्टर तुंबतो. तळाशी दोन बोटं पाणी ठेवून नायलॉनच्या ब्रशने आधी झाकणाची आतली बाजू, मग भिंती, मग तळ घासा. तारेचा ब्रश प्लास्टिकला लावू नका, त्याच्या ओरखड्यांत शेवाळ पुन्हा धरतं. साबण-पावडरही नको, ती धुऊन काढायलाच शंभर लिटर जातील. गाळ खालच्या प्लगमधून काढा, प्लग नसेल तर मगाने आणि स्पंजने.

मग निर्जंतुकीकरण. १० लिटर पाण्यात २०० मिली १ टक्का क्लोरीनचं द्रावण (कसं करायचं ते पुढे दिलं आहे) मिसळा. स्वच्छ फडक्याने किंवा स्प्रे पंपाने भिंतींना वरून खाली लावा आणि अर्धा तास ओलं राहू द्या. वाळत आलं तर पुन्हा लावा. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, झाकण पूर्ण उघडं ठेवा, तोंड आत घालून काम करू नका. अर्ध्या तासाने १० लिटर साध्या पाण्याने खंगाळून काढून टाका. हे पाणी संडासात ओता, तुळशीला किंवा ढोरांना नको.

ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी तारेने बांधा. झाकण घट्ट बसत नसेल तर झाकण बदला. वर वीट ठेवल्याने पाल आणि चिमणी अडत नाही. काळ्या टाकीवर पांढरा रंग किंवा बारदानाची सावली केली तर पाणी कमी तापतं, आणि तापलेल्या पाण्यातलं क्लोरीन लवकर उडतं म्हणून याचा फायदा दुहेरी आहे.

जमिनीखालच्या हौदाची गोष्ट गंभीर आहे. बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो, आणि आत गेलेला माणूस हाक मारायच्या आधीच कोसळतो. दोन्ही झाकणं काढून काही तास मोकळी हवा खेळू द्या. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं. डिझेलचं इंजिन हौदात किंवा तोंडाशी चालवायचं नाही. आतल्याला चक्कर आली तर दोराने वर ओढा. त्याच्यामागे उडी मारणारा दुसरा माणूसही तिथेच पडतो, दर वर्षी अशा बातम्या येतात. हौदात ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र वापरणं म्हणजे विषारी वायू हाताने तयार करणं. संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचिंगजवळ ठेवूसुद्धा नका.

हौद फुटका आहे का ते पाहायला रात्री भरलेल्या पातळीवर खडूची रेघ ओढा आणि वापर बंद ठेवा. सकाळी पातळी बोटभर उतरली असेल तर हौद गळतो. उन्हाळ्यात ज्या फटीतून पाणी बाहेर जातं त्याच फटीतून भर पावसात, शेजारची जमीन आणि शोषखड्डा भरल्यावर, पाणी आत येतं.

टीसीएल: पावडर, द्रावण, मात्रा

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या, चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. २० टक्क्यांच्या खाली उतरलेली पाण्याला वापरायची नाही. ती उतरते उष्णतेने, ओलाव्याने आणि उघड्या तोंडाने. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये फोडलेली गोणी जूनपर्यंत नुसता चुना होऊन बसते, आणि मग 'रोज पावडर टाकतो तरी साथ आली' असं होतं. नाकाला झोंबणारा वास नसलेली, गोळे झालेली पावडर परत करा. साठवण सावलीत, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, लाकडी फळीवर.

घरासाठी १ टक्क्याचं द्रावण असं करा. ४० ग्रॅम पावडर (क्लोरीन २५ टक्के धरून) थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग १ लिटरपर्यंत पाणी घाला, ढवळा, अर्धा तास निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी अपारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत काढून घ्या, खालचा चुना टाकून द्या. बाटलीवर 'विष नाही, पण पिऊ नये' असलं काहीतरी लिहिण्यापेक्षा ठळक 'क्लोरीन' आणि तयार केल्याची तारीख लिहा, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका. उन्हाळ्यात हे द्रावण आठवड्याने नवं करा.

पिण्याच्या २० लिटर स्वच्छ पाण्याला या द्रावणाचे ४ मिली घाला. ५०० लिटरच्या टाकीला १०० मिली, हजाराच्या टाकीला २०० मिली. ढवळा आणि अर्धा तास थांबा. हा अर्धा तास मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे; द्रावण टाकून लगेच ग्लास भरला तर क्लोरीनला काम करायला वेळच मिळत नाही. अर्ध्या तासाने पाण्याला अगदी हलका वास यायला हवा. अजिबात नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा. वास फार झाला तर भांड्याचं तोंड कापडाने बांधून दोन-तीन तास ठेवा, कमी होतो. मेडिक्लोरसारखं तयार औषध वापरत असाल तर त्याची तीव्रता निराळी असते, मात्रा बाटलीवरची पाहा.

ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून पाहायची तपासणी, करता येत असेल तर वासाच्या अंदाजावर राहू नका. नमुना टाकीतला नको, थेट नळाचा घ्या, तोही नळ दोन मिनिटं वाहू दिल्यावर. किटमध्ये सांगितलेले थेंब टाका आणि पिवळा रंग लगेच, पहिल्या दहा सेकंदांत रंगपट्टीशी जुळवा. नंतर रंग गडद होत जातो आणि वाचन चुकतं. गल्लीची टेस्ट जलकुंभाखालच्या घरात करून उपयोग नाही. लाइनच्या शेवटच्या घरी करा, क्लोरीन संपतं ते तिथे. औषध टाकलेलं पाणी प्यायचं नाही.

पूर उतरेपर्यंत

हतनूरचे दरवाजे उघडले, गिरणा-पांझरा दुथडी झाल्या, की पाणी मातकट येणारच. प्लांट कितीही तुरटी टाकत असला तरी थोडा गढूळपणा राहतो. अशा पाण्यात नुसतं क्लोरीन टाकून भागत नाही. मातीचे कण क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतू त्यांच्या आड राहतात. आधी तुरटी, मग गाळणं, मग क्लोरीन, हा क्रम बदलू नका.

२० लिटरच्या हंड्याला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी, म्हणजे हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढा खडा कुटून घाला. एक मिनिट जोरात ढवळा, मग चार-पाच मिनिटं अगदी हळू. या हळू ढवळण्यातच कण एकमेकांना चिकटून कापसासारखे गोळे होतात. घाई केली तर पाणी रात्रभर ठेवलं तरी निवळत नाही. दोन तासांनी वरचं पाणी न हलवता चारपदरी सुती कापडातून दुसऱ्या हंड्यात घ्या. तळचं चार बोटं पाणी सोडून द्या. मग क्लोरीन, या दिवसांत दुप्पट, म्हणजे २० लिटरला ८ मिली.

उकळणार असाल तर खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट राहू द्या. उकळलेल्या पाण्यात पुढे राखणीला क्लोरीन उरत नाही, म्हणून ते त्याच भांड्यात गार करा आणि दांड्याच्या ओगराळ्याने काढा. माठात हात बुडाला की उकळलेलं फुकट.

जार आणि आरओबद्दल थोडक्यात. आरओ क्लोरीन काढून टाकतो, तेव्हा त्याचं साठवलेलं पाणी उघडं ठेवायला सगळ्यात वाईट. जारवाले टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात. त्यावरून क्षार कळतात, जंतू मुळीच कळत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलं तरी तो आकडा चांगला येऊ शकतो.

शिळं पाणी आणि डेंगूचा डास

नवीन पाणी आलं की भरलेले हंडे ओतून पुन्हा भरायचे, ही चाल मोडली पाहिजे. झाकलेलं, क्लोरीन असलेलं पाणी आठ दिवसांत 'शिळं' होत नाही. ते वापरायला घ्या.

डास मात्र आठ दिवसांतच होतो. आपल्या उन्हाळी-पावसाळी हवेत डेंगूच्या डासाची अंडी ते उडता डास हा प्रवास सात ते दहा दिवसांचा. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, पण पाणीच दहा दिवसांनी येत असेल तर ड्रम रिकामा करणार कोण? तिथे दोन गोष्टी करा. ड्रम, कोठी, रांजण यांच्या तोंडावर सुती कापड दोरीने ताणून बांधा. नुसता पत्रा ठेवला तर कडेने डास शिरतो. आणि भांडं ज्या दिवशी रिकामं होईल त्या दिवशी आतली भिंत पाण्याच्या रेघेपाशी घासणीने घासा. अंडी पाण्यात नसतात, त्या रेघेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर ती तिथेच असतात. कूलरच्या टाकीला हेच लागू. पावसाळा लागला की ती पुसून, कोरडी करून ठेवा.

विहीर आणि टँकर

जिथे टँकर गावच्या विहिरीत ओततात तिथे प्रत्येक खेपेनंतर विहिरीचं पाणी कच्चंच समजा. मात्रा काढायला विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, इतके लिटर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम पावडर धरली तर १४० ग्रॅम लागेल.

पावडर कोरडी फेकू नका, ती तरंगते आणि वाऱ्याने डोळ्यांत जाते. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता लगदा करा, पाऊण बादली पाणी घाला, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोराने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली हिसके द्या. चुना आत जाऊ देऊ नका, पाणी जड होतं. हे रात्री शेंदणं थांबल्यावर करा म्हणजे सकाळपर्यंत भरपूर वेळ मिळतो. कमीत कमी एक तास तरी कुणी पाणी काढू नये. सकाळी ओटी टेस्टला पिवळा रंग आला तरच विहीर मोकळी करा. धडगाव-अक्कलकुव्याकडे झऱ्याचं पाणी पितात, तिथे वाहत्या झऱ्यात टीसीएल टाकून काही साधत नाही; घरी हंड्यातच मात्रा द्यावी लागते.

गावात जलसुरक्षक असतो, त्याची टीसीएलची आणि ओटीची वही असते. ती मागून पाहायला संकोच करू नका. स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्याआधी आणि नंतर होतं आणि धोक्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कोणतं, ते ग्रामसभेत विचारा.

जुलाब सुरू झाले तर

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असं नाही. पाकीट फोडलं की सगळं एकदम कालवा आणि २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटरला साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

काविळीचा हिशेब वेगळा आहे. दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला दोन ते सात-आठ आठवडे लागतात. पोळ्याच्या सुमाराला गल्लीत कावीळ निघाली तर आजचं पाणी तपासून उत्तर मिळत नाही. जून-जुलैत कुठे पाइप फुटला होता, कुठे खोदकाम झालं होतं ते शोधा. पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतते, तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब लागले की आशाताईंना आणि पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळवा. 'पाणी खराब येतं' एवढंच सांगितलं तर माणूस येऊन चांगल्या नळाचं पाणी पाहून जातो. गल्ली, वॉर्ड, पाणी सुटण्याचा वार आणि वेळ, पहिल्या बाटलीत खराब की दुसऱ्यातही, किती घरांत, जवळ कुठे खोदकाम किंवा तुंबलेलं गटार, एवढं लिहून द्या आणि सोबत दोन्ही बाटल्यांचा फोटो जोडा. जंतूंच्या तपासणीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. तिच्या तळाशी क्लोरीन मारणारं थोडं औषध असतं, म्हणून ती विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा.